तेच चालू ठेवा

“राहू द्या हो, तुम्हाला उशीर होईल,” बाबा म्हणाले. तो पलंगापाशी उकिडवा बसला होता, एका हातात बाबांची टाच आणि दुसऱ्या हातात सपात. डावी चढवून झाली होती, उजवी राहिली होती. वाक्यात वावगं काही नव्हतं. उलट इतकं सभ्य वाक्य बाबांकडून त्याच्या वाट्याला उभ्या जन्मात आलं नसेल. तरी अंधारात अजून एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीन लागावी, तसा त्याला हादरा बसला. राहू द्या. तुम्हाला. हो. बाप मुलाला अहोजाहो करतो कधी? आणि बाबा तर साऱ्या जगाला अरेतुरे करणारे. सार्वजनिक तलावावर ते पोहायला शिकवायचे, आणि पाण्यात उतरलेला माणूस त्यांच्या लेखी फक्त ‘अरे’ असायचा, मग तो बँकेचा मॅनेजर असो नाहीतर कोर्टातला न्यायाधीश. “अरे, श्वास सोड! मान खाली! पाय मार रे, पाणी काय चावतंय?” त्या आवाजाला भोंगा लागत नसे. तलावाच्या उथळ टोकाला उभे राहून ते खोल टोकाच्या माणसाची खरडपट्टी काढत. त्याने वर पाहिलं. बाबांचा चेहरा प्रसन्न होता, पाहुणा म्हणून कुणाकडे उतरलेल्या माणसाचा असतो तसा, काही कमी नाही, काही जास्त नाही. “मी आहे, बाबा,” तो म्हणाला. “हो हो,” बाबा म्हणाले, “बसा ना.” त्याने उजवी सपात चढवली, उठला, आणि उगाचच उशी सारखी केली.

स्वयंपाकघरात येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा बायको हसली. “बढती मिळाली तुला,” डबा भरता भरता ती म्हणाली. “मला तर गेल्याच महिन्यात मिळाली. ‘सिस्टर, जरा खिडकी लावता का,’ म्हणतात.” “मग मला सांगितलं नाहीस?” “काय सांगायचं त्यात? वय झालंय रे त्यांचं.” वय झालंय. हे दोन शब्द फार सोयीचे, कुठल्याही पातेल्यावर बसणाऱ्या ताटलीसारखे. पाणी सांडलं, वय झालं. दुपारी जेवायला बसल्या बसल्या मान कलली, वय झालं. त्याने स्वतः ही ताटली किती वेळा झाकली होती. पण आज ती बसेना. कडेने वाफ येत राहिली. टेबलावर बाबांच्या गोळ्यांचा कप्प्याकप्प्यांचा डबा उघडा होता. रक्तदाबाची पांढरी, पोटाची गुलाबी, आणि ती फिकट पिवळी, शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढी, शांत झोपेची, सकाळी अर्धी आणि रात्री एक. अर्धी करताना बायकोच्या सुरीखालून तिचा चुरा पडे आणि ती तो ओल्या बोटाने टिपून बेसिनमध्ये सोडत असे. आजही तिने तसंच केलं. त्याला वाटलं, तिचं बोट धरावं. कशासाठी ते त्याला कळलं नाही, म्हणून त्याने जेवणाचा डबा घेतला आणि तो निघाला.

गंमत अशी की ही पिवळी गोळी हेच त्याचं पोटापाण्याचं काम होतं. त्याच्या ऑफिसात डॉक्टरांचे ठिपके काढत. म्हणजे तोच काढे. गावातल्या दवाखान्यांतून आकडे येत: पासष्टीच्या पुढच्या माणसांना कुठल्या डॉक्टरने कुठलं औषध किती दिलं. तो ते चाळे, निवडे, आणि त्याचा एक तक्ता करी. झोपेच्या आणि मन शांत करायच्या गोळ्यांच्या तक्त्यावर सगळ्यांचा डोळा असे, कारण या गोळ्या म्हाताऱ्या माणसांना फार दिवस देऊ नयेत. तोल जातो, माणसं पडतात, आठवणीवर धुकं येतं. हे डॉक्टरांना माहीत नसतं असं नाही, पण माहीत असणं वेगळं आणि हाताला सवय असणं वेगळं. तक्त्यावर प्रत्येक डॉक्टर म्हणजे एक ठिपका. सढळ हाताने देणारे वर, हात आखडणारे खाली, आणि मध्ये भाऊगर्दी. मग प्रत्येक डॉक्टरला एक कागद जाई, त्याचा ठिपका काळा आणि बाकीचे सारे राखाडी. आरोप नाही, दंड नाही, नुसतं ‘बघा, तुम्ही इथे आहात’. माणसाला त्याची सवय चारचौघांत दाखवली की तो ओशाळतो आणि सवय सोडतो, असा त्यामागचा विचार. बायको म्हणायची, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तुझ्या कागदाने काय होणार? ऑफिसात त्याला ‘ठिपकेवाले’ म्हणत, आणि त्याला ते आवडे. ठिपक्यांना चेहरा नसतो, वास नसतो, ते रात्री हाका मारत नाहीत. ठिपक्यांमागची नावं बघायची मुभा त्या मजल्यावर फक्त त्यालाच होती, पण तो बघत नसे. एकदाच बघितलं होतं.

जिना चढताना त्याला ते आठवलं, आणि मधल्याच पायरीवर तो थांबला. मागून येणारा शिपाई म्हणाला, “काय साहेब, काही विसरलं का?” तो म्हणाला, “नाही, नाही.” एकदाच बघितलं होतं ते आईने फोन केला म्हणून. बाबा तलावाच्या ओल्या फरशीवर घसरून पडले होते, सारा जन्म दुसऱ्यांना “पळू नकोस रे” म्हणून ओरडलेला माणूस, आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. हॉस्पिटलमध्ये त्यांनी पहिले काही दिवस घर डोक्यावर घ्यावं तसा वॉर्ड डोक्यावर घेतला. नळ्या उपसल्या, नर्सकडे शिट्टी मागितली, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ‘हात मार, हात’ म्हणून ओरडत राहिले. तिथल्या डॉक्टरने ही गोळी सुरू केली, थोडे दिवस म्हणून. घरी सोडताना कागदावर लिहिलं, चालू ठेवा. आईबाबांच्या घराजवळच्या डॉक्टरने तो कागद पाहिला आणि म्हटलं, मोठ्या डॉक्टरांनी दिलंय ना, मग तेच चालू ठेवा. मग आईचा फोन आला. “अरे, हे हल्ली फार झोपतात रे. बोलत नाहीत. परवा माझ्याशी असे बोलले जसं काही मी तिकीट खिडकीवर बसलेय. तुझं तेच काम आहे ना? बघ की जरा.” आणि त्याने बघितलं. औषधाचं माहितीपत्रक बघितलं नाही, बाबांकडे जाऊन त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही. त्याने तक्ता उघडला आणि घराजवळच्या डॉक्टरचा ठिपका शोधला. ठिपका अगदी मधोमध होता, राखाडी गर्दीच्या ऐन पोटात. त्याचा जीव भांड्यात पडला. “आई, आपले डॉक्टर अगदी मधले आहेत,” त्याने सांगितलं. “मधले म्हणजे?” “मधले म्हणजे बरोबर.” आई म्हणाली, “बरं बाबा. तू बघितलंस ना, मग झालं.”

मधले म्हणजे बरोबर. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. वाणी नाही, सुतार नाही, शाळेतली पोरंही करणार नाहीत. वर्गातली सगळी मुलं एकच चुकीचं उत्तर लिहितात तेव्हा मधला मुलगा बरोबर नसतो, तो फक्त मधला असतो. हे तो नवीन आलेल्या लोकांना स्वतः शिकवत असे, फळ्यावर खडूने आकृती काढून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आई पुढे काही महिन्यांनी गेली, छातीत कळ आली आणि दुपारच्या दुपारी गेली, आणि बैठकीत लोक येऊन बसले तेव्हा बाबा खुर्चीत ताठ बसून प्रत्येकाला म्हणत होते, “बसा, बसा. पाणी घेतलंत?” लोक बाहेर पडताना त्याचा दंड दाबून म्हणत, “धीराचा माणूस आहे हो, किती शांतपणे घेतलं.” त्यालाही तसंच वाटलं होतं, वाटलं होतं की बरंच झालं. घराजवळचा डॉक्टरही आला होता, पायातले बूट काढून अदबीने बसला होता, आणि उठताना म्हणाला, “अशा वेळी उगाच बदल नको. तेच चालू ठेवा.” मग बाबा मुलाच्या घरी राहायला आले. शांत म्हातारा. शेजारी म्हणत, भाग्यवान आहात, आमच्याकडे तर नुसता उच्छाद असतो. आणि आता जिन्यात उभ्या उभ्या त्याला कळलं. बाबांनी आईचं जाणं शांतपणे घेतलं नव्हतं, घेतलंच नव्हतं. ते तसंच दाराबाहेर ठेवलेलं होतं, कुणी आत घ्यायचं म्हणून.

दुपारी एक डॉक्टरबाई त्याच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. कागद मिळाला की कधीकधी डॉक्टर भांडायला येत. बहुतेक पुरुष येत आणि आधी साहेबांकडे जात. या सरळ त्याच्याकडे आल्या. केस आखूड, पाठीला पिशवी, चेहऱ्यावर सकाळपासून तपासलेल्या साऱ्या माणसांचा शीण. त्यांनी कागद उलगडला आणि सगळ्यात वरच्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “ही मी. शाळेत एवढी वर कधी नव्हते हो.” तो कसनुसा हसला आणि नेहमीचं बोलला, की यात कुणाला दोष द्यायचा हेतू नाही. “दोष द्या की. पण आधी ऐका,” त्या बसत म्हणाल्या. “माझ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टर आहेत. ते या गोळीला हात लावत नाहीत. तुमच्या कागदावर तळाशी असतील, शहाणं बाळ. ते नाही म्हणाले की माणसं उठतात आणि माझ्याकडे येतात. म्हणजे त्यांचा ठिपका खाली का? तर माझा वर आहे म्हणून.” हे त्याला नवीन नव्हतं, त्यासाठी आकड्यांत एक दुरुस्ती असते, ती तो करत असे. त्याने तसं सांगितलं. त्यांनी हात झटकला. “दुरुस्ती करा. पण म्हातारी माणसं ही गोळी मागायला येतच नाहीत, हे कुठे दिसतं तुमच्या कागदावर? येतात ती मुलं. सुना येतात, जावई येतात. ‘डॉक्टर, बाबांना झोप नाही.’ आता झोप कुणाला नाही ते समोर दिसत असतं, डोळ्यांखाली काळं झालेलं असतं. मी काय करू? त्यांनाही उद्या कामावर जायचंय. एकदा त्यांचे ठिपके काढा ना, मुलांचे. कोण कुठे आहे ते बघू.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि गाडी एकसुरी पिपाणी वाजवत होती. त्याला वाटलं, आपल्या कपाळावर काहीतरी काळं दिसत असणार. “पण बंद का नाही करत मग?” त्याने विचारलं. आवाज जरा चढला, ऑफिसातला राहिला नाही. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “सुरू करायला एक सही लागते,” त्या म्हणाल्या. “बंद करायला घर लागतं. एकदम तोडता येत नाही, जिवावर बेतेल. कणाकणाने कमी करायची. मधल्या काळात माणूस घाबरतो, थरथरतो, ओरडतो, रात्र रात्र जागतो. त्याच्याजवळ बसायला कुणीतरी पाहिजे. ते मी कागदावर लिहून देऊ शकत नाही.” “आणि मग? माणूस परत येतो?” “कोणी येतो, कोणी अर्धा येतो. कोणाचं खरंच वय झालेलं असतं. आधी सांगता येत नाही.” तो म्हणाला, “माझ्या एका ओळखीच्यांचे वडील आहेत,” आणि थांबला. त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला. उठता उठता म्हणाल्या, “तुमच्या ओळखीच्यांना म्हणावं, घाई करू नका. आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काही करू नका. आणि स्वतः जेवत जा म्हणावं.” दाराशी जाऊन त्या पुन्हा वळल्या. “माझा ठिपका मात्र खाली आणू नका हं खोटाच. मी वरच आहे.”

घराजवळच्या डॉक्टरच्या दवाखान्यात त्याने पहिल्यांदा त्या मधल्या ठिपक्याला निरखून पाहिलं. गोरा, नीटनेटका माणूस, टेबलावर मुलीचा फोटो. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, हीच तर पंचाईत. “बंद करू या म्हणता? करू या की,” डॉक्टर म्हणाला, “पण कशासाठी? शांत आहेत ना? पडले-बिडले नाहीत. मग बसलेली घडी का मोडायची?” “ते मला ओळखत नाहीत.” “अहो, वय झालं.” “माझ्याशी अहोजाहो करतात.” डॉक्टर हसला, आणि मग त्याचं तोंड पाहून हसायचा थांबला. पेन उघडलं. किती दिवसांनी कितवा हिस्सा कमी करायचा ते त्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, फार त्रास झाला तर एक पायरी मागे या म्हणाला, आणि कागद पुढे सरकवताना हळूच विचारलं, “मला एक कागद आला होता तुमच्या ऑफिसातून. मी मध्ये आहे ना?” “हो,” तो म्हणाला, “अगदी मध्ये.” डॉक्टरला बरं वाटलं.

बायकोला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती भांडली असती तर परवडलं असतं. ती पोळपाट पुसत होती, ती पुसतच राहिली. “सकाळी मी त्यांना उठवते,” ती म्हणाली, “आंघोळ मी घालते, दुपारी त्यांच्याजवळ बसणाऱ्या बाईला सुट्टी असली की रजा मी टाकते. शांत आहेत म्हणून जमतंय रे. तू एकदा सपाता चढवतोस आणि तुला वाटतं तू केलंस.” “खरं आहे,” तो म्हणाला. “खरं आहे म्हणून मोकळा होऊ नकोस.” मग बराच वेळ नळाचं पाणी. नळ बंद करून ती म्हणाली, “आणि जागे झाले तर पहिला प्रश्न कोणता विचारतील माहितीये ना?” त्याला माहीत होतं. सकाळपासून तोच प्रश्न त्याच्या मागे चालत होता, आणि तो वळून बघत नव्हता. आई कुठे आहे. “कोण सांगणार?” “मी.” “नक्की?” “मीच.” “मग कर,” ती म्हणाली. “मी आहे.” त्या ‘मी आहे’ने त्याचे डोळे एकदम भरून आले, आणि ते दिसू नये म्हणून तो फ्रिज उघडून आत बघत राहिला.

गोळी कमी होत गेली तसतसं घर बिघडत गेलं. आधी हात थरथरायला लागले, कपातलं पाणी बशीत. मग घाम. मग ते दिवेलागणीला उठून भिंतीला हात लावत लावत चालायला लागले, जणू भिंतीत कुठेतरी दार आहे आणि ते या लोकांनी लपवलंय. “कोण तुम्ही?” ते बायकोला ओरडले, “माझ्या घरात काय करताय?” आणि तिने हातातला टॉवेल खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. दुपारची बाई म्हणाली, “दादा, हे मला झेपायचं नाही,” आणि खरंच येईनाशी झाली. शेजाऱ्यांनी आधी विचारपूस केली आणि नंतर भिंत ठोकली. ऑफिसात त्याच्या ठिपक्यांचे आकडे चुकू लागले. तो टेबलाशी बसून कान टवकारून असे, जणू घरातला आवाज इथवर येईल. आपण काय केलं हे? एक प्रसन्न म्हातारा होता, बसा म्हणत होता, पाणी घेतलंत का म्हणत होता. त्याला खाजवून, टोचून हा घाबरलेला माणूस बाहेर काढला, आणि तेसुद्धा बाबा नव्हतेच. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, कोणाचं खरंच वय झालेलं असतं. मग हे सगळं कशासाठी? त्यांच्यासाठी की त्या एका ‘अरे’साठी, आपले लाड म्हणून? हा विचार एकदा आला आणि मग गेला नाही. चपलेत खडा जावा आणि चालता चालता काढता येऊ नये, तसा तो दिवसभर टोचत राही.

लहानपणी बाबांनी पोहायला शिकवलं होतं ते त्याला आठवत राही. तो पाण्याला भ्यायचा, पोहणाऱ्याचा मुलगा, तलावभर हसू. बाबा त्याला पाठीवर आडवं करत, पाठीखाली तळहात. कानात पाणी गेलं की सगळे आवाज लांब जात, फक्त बाबांचा आवाज पाण्यातूनही येई: “धरलंय रे मी. वर बघ. छताकडे बघ. धरलंय.” तो छताच्या पत्र्याकडे बघत राही, क्लोरीनने डोळे चुरचुरत, आणि पाठीला तो तळहात जाणवत राही, खरखरीत, गरम. मग एकदा त्याला बाबांचा आवाज पायाकडून आला, बराच लांबून, “धरलंय रे!” आणि त्याला कळलं की पाठीखाली केव्हापासून काहीच नाहीये. तो दचकला आणि बुडाला. नाकातोंडात पाणी. वर ओढून काढल्यावर तो बाबांना बुक्क्या मारत ओरडला, “खोटं बोललात! सोडलं होतंत!” बाबा हसत होते. “अरे गाढवा, तरंगत होतास की! मी सोडल्यावरच तर तरंगायला लागलास.” त्याला ते कधी पटलं नाही. पाण्यात त्याला अजूनही आधी तो खोटा तळहात आठवे.

एका संध्याकाळी बाबा पलंगाच्या कडेला बसून थरथरत होते आणि त्यांचे दात एकमेकांवर वाजत होते. बायको ऑफिसातून यायची होती. त्याने कप्प्यांचा डबा उघडला. ठरल्या हिश्श्यापेक्षा मोठा तुकडा त्यात होता, पूर्वीचा, अर्धा. एक पायरी मागे या, डॉक्टर म्हणाला होता. पण हा तुकडा म्हणजे एक पायरी नव्हती, हा सगळा जिना होता, आणि ते त्याला माहीत होतं. त्याने तो तळहातावर घेतला, पाण्याचा पेला घेतला, आणि बाबांपुढे उभा राहिला. एवढं द्यायचं, आणि तासाभरात घर शांत. बायको घरी येईल तेव्हा बाबा म्हणतील, सिस्टर, जरा खिडकी लावता का. बाबांनी त्याच्या तळहाताकडे पाहिलं. थरथरत्या मानेने हसायचा प्रयत्न केला, म्हणाले, “आभारी आहे तुमचा,” आणि तोंड उघडलं. लहान मुलं उघडतात तसं, काय मिळणार ते न विचारता. जीभ पांढरी पडली होती. त्याला ते बघवेना. त्याने मूठ मिटली, ती खिशात घातली, आणि पलंगावर त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मधोमध, दोन्ही खांद्यांच्या खाली. पाठ घामाने ओली होती आणि त्याखाली हाडं होती. “धरलंय मी,” तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते वाक्य विचित्र वाटलं. तरी तो ते म्हणत राहिला. बायको आली तेव्हा दोघे तसेच बसले होते, आणि तिने पर्स न काढताच बाबांच्या दुसऱ्या बाजूला बैठक मारली. तो तुकडा शर्टाच्या खिशात तसाच धुण्यात गेला आणि खिशाच्या शिवणीत पिवळट डाग राहिला.

नंतर काही दिवस फक्त थकवा होता. बाबा जेवत, बसत, खिडकीबाहेर बघत. ओरडणं ओसरलं, पण त्याच्या जागी काही आलं नाही. तुम्ही, आपण, राहू द्या. त्याने मनाशी ठरवून टाकलं की हे असंच, कोणी अर्धा येतो, कोणी तेवढाही नाही. निदान थरथर थांबली. पुढचा तक्ता तयार झाला, त्यात डॉक्टरबाई वरच होत्या, घराजवळचा डॉक्टर मध्येच होता, आणि त्याने या वेळी त्या मधल्या गर्दीखाली एक ओळ टाकली की मध्ये असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. साहेबांनी ती ओळ खोडली. म्हणाले, “उगाच कशाला? आहे तेच चालू ठेवा.” तो हसला, आणि साहेबांना कळलं नाही का ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलंगापाशी उकिडवा बसला. डोक्यात ती खोडलेली ओळ होती, हात आपोआप चालत होते. टाच उचलली, सपात चढवू लागला. ती जाईना. त्याने जोर लावला.

“अरे गाढवा,” वरून आवाज आला, “डावी आहे ती.”

तो हलला नाही. हललो तर जाईल असं त्याला वाटलं. हातातल्या सपातेकडे बघितलं. ती डावी होती. आवाज बसका होता, खरखरीत, तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला जाण्यासारखा मुळीच नव्हता, पण त्यात ते होतं. त्याला हसू आलं, आणि मागोमाग भीती वाटली. स्वयंपाकघरातली भांडी थांबली होती. त्याने मान खालीच ठेवून सपात बदलली. आता तो प्रश्न येणार. त्याने उत्तर किती वेळा घोकलं होतं, ऑफिसला जाताना, येताना, आंघोळ करताना: बाबा, आई गेली. बाबा, आई आपल्याला सोडून गेली. बाबा, आई. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

“तुझी आई गेली ना रे?”

“हो, बाबा.”

बाबांचा हात त्याच्या डोक्यावर आला, आधार घ्यायला की नुसताच, ते समजत नव्हतं.

“तेव्हा मी रडलो होतो का?”

खोटं बोलता आलं असतं. धीराने घेतलंत, म्हणता आलं असतं, सगळे तसंच म्हणत होते. “नाही, बाबा,” तो म्हणाला.

“नाही?” बाबांनी चष्मा काढला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो त्याच्या हातात दिला. “मग बस जरा इथं,” ते म्हणाले. “ऑफिसला उशीर झाला तर होऊ दे.”